मॅग्नेटची कॉइल घरी भरताना

यामाहा आरएक्स १००चं उत्पादन १९९६ साली थांबलं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याला टाळं लागलं तेही त्याच वर्षी, आणि जुन्या येझदीचा पुरवठा तिथेच संपला. तरीही नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोलीच्या सोसायट्यांमध्ये स्टिल्ट पार्किंगच्या एखाद्या कोपऱ्यात कव्हरखाली या गाड्या जपलेल्या दिसतात आणि रविवारी सकाळी त्यांना हमखास किक बसते. इंजिनाचं काम जाणणारे मिस्त्री अजून आहेत, पिस्टन-रिंगा मिळतात, क्लचप्लेटा मिळतात. गाडी अडते ती बहुतेक वेळा विजेपाशी. हेडलाइट पिवळा पडतो, हॉर्न नीट वाजत नाही, बॅटरी चार दिवसांत उतरते आणि मिस्त्री सांगतो, मॅग्नेटची कॉइल गेली.

मूळ कंपनीची कॉइल आता दुर्मीळ झाली आहे. बाजारात मिळणाऱ्या नकलांचा भरवसा नसतो, कारण त्यांतली तार किती जाडीची आणि वेढे किती हे बाहेरून कळत नाही. मग उरतो तो जुना उपाय: कॉइल भरणं. विहिरीवरची मोटार जळाली की ती भरून आणायची, हे महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांना सांगावं लागत नाही. नवी मुंबईतही ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यामुळे आणि सोसायट्यांच्या पंपांमुळे वाइंडिंगवाल्यांना काम कमी पडत नाही. मोटरसायकलची कॉइल ही त्याच विद्येची छोटी आवृत्ती आहे. जुन्या गाडीच्या विजेच्या सामानात घरच्या टेबलावर खरोखर नव्याने घडवता येईल असा हा जवळजवळ एकमेव भाग. त्यात तांब्याची तार असते, लोखंडाचा गाभा असतो, दोहोंमध्ये कागद असतो आणि बाकी सगळा हिशेब वेढ्यांचा.

वीज तयार होते ती मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेल्या तत्त्वावर. तारेच्या वेढ्यांजवळून चुंबक फिरला की तारेत विद्युतदाब निर्माण होतो. आरएक्स १००मध्ये इंजिनाच्या डाव्या बाजूला, क्रँकच्या टोकावर वाटीच्या आकाराचं चाक असतं आणि त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. गॅरेजच्या भाषेत हेच ‘मॅग्नेट’. त्याच्या पोटात स्थिर बसलेली ती कॉइलप्लेट. जुन्या बुलेटमध्ये मांडणी उलटी असते: चुंबकाचा रोटर मध्ये फिरतो आणि कॉइलचं कडं त्याच्याभोवती बसतं, तेही प्रायमरी केसच्या आत, तेलाच्या सहवासात.

वेढे वाढले की व्होल्टेज वाढतं आणि तार जाड घेतली की जास्त करंट सोसते. पण गाभ्यावरची जागा ठरलेली असते. २० गेजची तार ०.९१४ मिलिमीटर जाडीची, तर १९ गेजची १.०१६ मिलिमीटरची. फरक डोळ्यांना जाणवतही नाही, पण छेदाचं क्षेत्रफळ तेवीस-चोवीस टक्क्यांनी वाढतं आणि तेवढ्याच जागेत मावणारे वेढे सुमारे एक पंचमांशाने घटतात. जास्त उजेड हवा म्हणून जाड तार भरणाऱ्याला हायवेवर भरपूर करंट मिळतो, मात्र वाशीच्या सिग्नलला गाडी आयडलवर आली की बॅटरीपर्यंत काहीच पोचत नाही. ज्याची बहुतेक धाव शहरातल्या रहदारीतच आहे, त्याने कारखान्याने ठरवलेला मेळ बिघडवू नये.

पण भरायला बसण्याआधी कॉइल का जळली, हे शोधायला हवं. ही पायरी बरेच जण टाळतात आणि वर्षभरात तीच कॉइल पुन्हा उघडतात.

या गाड्यांचा रेग्युलेटर बहुधा शंट पद्धतीचा असतो. चुंबक कायमचा असल्यामुळे इंजिन फिरतंय तोवर वीज तयार होतच राहते. गरजेपेक्षा जास्त झालेली वीज रेग्युलेटर कॉइलच्या तारा आपसात किंवा बॉडीशी जोडून मुरवतो. म्हणजे दिवे बंद असले तरी कॉइलमधून करंट वाहतच असतो आणि ती तापतच असते. एलईडी दिवे लावल्याने बॅटरीवरचा भार हलका होईल, कॉइल त्याने थंड होणार नाही. त्यात खाडीकाठची खारी हवा. पाम बीच रस्त्याच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाडीचे कप्लर उघडून पाहिले तर पितळी पिनांवर हिरवट थर दिसतो. गंजलेल्या पिनेचा रोध वाढतो, ती तापते, कप्लरचं प्लॅस्टिक वितळतं आणि दोन तारा चिकटल्या की कॉइलचा शेवट जवळ येतो. म्हणून आधी कप्लर बदलावा, अर्थिंगची तार घासून पक्की करावी, रेग्युलेटर तपासावा.

कॉइलची तपासणी मल्टिमीटरने होते, पण त्यात एक खुबी आहे. चार्जिंगच्या कॉइलचा रोध अनेकदा एक ओहमहूनही कमी असतो आणि स्वस्त मीटरच्या दोन दांड्या एकमेकींना टेकवल्या तरी पडद्यावर ०.२ किंवा ०.३ दिसतं. तो आकडा वजा केल्याशिवाय वाचन खोटं. रोध ठीक दिसला तरी कॉइल निर्दोष ठरत नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो आणि तारेवरच्या एनॅमलचा तडा कित्येकदा तापल्यावरच बोलतो. थंड असताना उत्तम वाटणारी कॉइल अर्ध्या तासाच्या फेरीनंतर गप्प होते, ती यामुळेच. गाडी गरम असतानाच पुन्हा मोजावं. कॉइलच्या टोकाचा आणि बॉडीचा संबंधही पाहावा. मात्र काही गाड्यांत एक टोक मुळातच बॉडीला जोडलेलं असतं. ते सोडवून मगच निष्कर्ष काढावा.

मॅग्नेट काढायला त्याच मापाचा पुलर लागतो. हातोडीने ठोकून काढलेलं मॅग्नेट चुंबकांना तडे देऊन जातं आणि क्रँकलाही इजा करतं. प्लेट सोडण्यापूर्वी तिची आणि केसिंगची खूण टोकदार पोगराने जुळवून ठेवावी, कारण काही गाड्यांत इग्निशनचं टायमिंग त्या प्लेटच्या जागेवर ठरतं.

सगळ्यात मोलाचं काम इथे सुरू होतं आणि ते तार उलगडण्याचं आहे. आधी चारही बाजूंनी फोटो. कुठली तार कुठल्या पोलवरून आली, कुठे वळली, कोणत्या दिशेने वेढे घेतले, हे कागदावर बाणांनी काढायचं. एकाहून जास्त पोल असतील तर शेजारच्या पोलवर दिशा सहसा उलटी असते. एक पोल चुकीच्या दिशेने भरला तर तो शेजाऱ्याचं व्होल्टेज वाढवण्याऐवजी खातो. मग एकेक वेढा सोडत मोजायचं, दर दहा वेढ्यांना कागदावर एक रेघ. तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजायची ती एनॅमल खरवडून, नाहीतर थर धरून जाडी एका गेजने चुकते. शेवटी निघालेलं तांबं वजन करून ठेवायचं. वाइंडिंगवाल्यांचा हा जुना ताळा: २० गेजची तार मीटरला सुमारे ५.९ ग्रॅम भरते, म्हणजे ३० मीटरची कॉइल १७५ ग्रॅमच्या आसपास. मोजणीत गल्लत झाली असेल तर वजन ती पकडून देतं. तितक्याच तारेचा रोध पाऊण ओहमच्या जवळ येतो. हा दुसरा ताळा.

जळालेली तार सुटत नाही म्हणून काहीजण सगळी प्लेट गॅसच्या ज्योतीवर धरतात. हे करू नये. गाभा एकसंध लोखंडाचा नसून पातळ पत्र्यांचा असतो आणि त्या पत्र्यांमध्ये विजेला अडवणारा थर असतो. तो थर जळाला की पत्रे एकमेकांना भिडतात, गाभ्यात भोवरी प्रवाह वाढतात आणि नवी कॉइल पहिल्या दिवसापासून जास्त तापते. शिवाय जळत्या एनॅमलचा धूर बंद फ्लॅटमध्ये घातकच. तार कटरने कापून, थोडी थोडी ओढून काढावी.

नवी तार मुंबईत लोहार चाळीत किलोच्या भावाने मिळते. चांगला मीटर लॅमिंग्टन रोडला. तार घेताना गेजइतकंच एनॅमलच्या वर्गाकडे लक्ष हवं. घरगुती मोटारीत चालणारी साधी तार इंजिनाच्या पोटात टिकत नाही. १८० अंश सेल्सिअसच्या वर्गाची किंवा दुहेरी थराची २०० अंशांची तार मागावी. गाभ्याच्या कडा बारीक कानसीने मोडाव्यात आणि त्यावर नोमेक्ससारखा उष्णता सोसणारा कागद घडी न पडता बसवावा. तारेचा पहिला वेढा ज्या कोपऱ्यावरून वळतो, तिथेच कॉइल बॉडीला लागण्याचा धोका सर्वाधिक.

भरताना तार ताणलेली हवी आणि वेढ्याला वेढा खेटलेला हवा. २० गेजची तार बोटांना कडक लागते, म्हणून सुती हातमोजे. वेढा दाबून बसवायला लाकडाची किंवा नायलॉनची पट्टी घ्यावी. स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा तांबं उघडं करतो. टोकं ब्लेडने खरवडून, कथिल लावून, काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवून झाळावीत.

वार्निश लावण्याआधी कॉइल पूर्ण कोरडी हवी. जुलैत नवी मुंबईची हवा ओलीचिंब असते आणि तो दमटपणा वार्निशखाली कोंडला तर आतून खात राहतो. वाइंडिंगवाले पत्र्याच्या पेटीत पेटता बल्ब ठेवून कॉइल सुकवतात. घरीही तेच करता येतं. वार्निश डब्यावर लिहिल्याप्रमाणे भाजावं, मात्र जेवणाच्या ओव्हनमध्ये कधीही नाही. तेलात राहणाऱ्या बुलेटच्या कॉइलसाठी तेलाला दाद न देणारं वार्निश निवडावं. भाजून झाल्यावर जवळच्या वाइंडिंगच्या दुकानात मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्यावं. घरच्या २३० व्होल्टवर बल्ब जोडून ही परीक्षा करणं जिवावर बेतू शकतं.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. सीडीआय इग्निशनला वीज देणारी सोर्स कॉइल हा वेगळाच प्राणी आहे. तिची तार केसासारखी बारीक, वेढे हजारोंनी आणि रोध शेकडो ओहम. ती हाताने भरता भरता तुटते, आणि तुटलेलं दिसतही नाही. ती काउंटर लावलेल्या यंत्रावर काम करणाऱ्याकडेच द्यावी. इपॉक्सीत पूर्ण बुडवलेल्या कॉइललाही घरी हात लावू नये.

प्लेट परत बसवल्यावर बुलेटमध्ये रोटर आणि कॉइलमधलं अंतर फीलर गेजने सगळीकडून तपासावं, सुमारे ०.२ मिलिमीटर तरी हवंच. आरएक्समध्ये मॅग्नेट हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते ऐकावं. मग इंजिन सुरू करून बॅटरीवर मीटर धरावा. बंद गाडीत भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६च्या जवळ दाखवते. रेस दिल्यावर आकडा १४च्या आसपास चढायला हवा. चढलाच नाही तर दिशा किंवा जोडणी चुकली आहे. १५च्या पुढे गेला तर कॉइल ठीक, रेग्युलेटर गेलेला, आणि बॅटरी उकळण्याआधी इंजिन बंद करावं. वेढ्यांची संख्या, गेज आणि वजन लिहिलेला कागद गाडीच्या आरसी बुकासोबत ठेवावा. पुढच्या वेळी भरणाऱ्याला एवढ्या खटपटीनंतर मिळालेले हे आकडे दुसरीकडे कुठे सापडणार नाहीत.