वितरित संगणन : कोरम-व्यवस्थेच्या उपलब्धतेची तपासणी

सभेचे कामकाज वैध ठरण्यासाठी गणपूर्ती लागते, हे सर्वपरिचित आहे. वितरित संगणनातील कोरम ही कल्पना याच जातीची आहे. एकाच माहितीच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवल्या असता, बदल करण्यापूर्वी त्यांपैकी ठरावीक गटाची संमती घ्यावी लागते. हा गट म्हणजे कोरम. कोणत्याही दोन कोरमांत किमान एक संगणक सामाईक असलाच पाहिजे, ही मूळ अट होय. ती मोडल्यास एकाच खात्यातील शिल्लक दोन ठिकाणांहून दोनदा काढली जाऊ शकेल. १९७९ मध्ये थॉमस यांनी बहुमताची, तर गिफर्ड यांनी भारित मतांची पद्धत मांडली.

प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे बंद असण्याची संभाव्यता ०.१ मानू. तीन संगणकांत दोघांचा कोरम घेतल्यास व्यवस्था अनुपलब्ध असण्याची संभाव्यता ०.०२८ येते, पाचांत तिघांचा घेतल्यास सुमारे ०.००८६. चार संगणकांत मात्र बहुमतासाठी तिघे लागतात व ती ०.०५२३ भरते. म्हणजे चौथा संगणक विकत घेऊन व्यवस्था अधिक दुबळी झाली! खरेदीच्या वेळी हे क्वचितच ध्यानात घेतले जाते.

नऊ संगणक तीन ओळी व तीन स्तंभांत मांडून एक ओळ आणि एक स्तंभ असा कोरम घेता येतो. त्यात कामाचा भार चांगला वाटला जातो; परंतु कर्णावरील तीन संगणक बंद पडताच एकही कोरम उरत नाही. नऊंच्या बहुमतात चार बंद पडले तरी काम चालते.

आता प्रत्यक्ष तपासणीचा प्रश्न. जिवंत कोरम आहे की नाही, हे एकेका संगणकास विचारूनच कळते. पाचांपैकी दोघांनी उत्तर दिले व दोघे गप्प राहिले, तर पाचव्यास विचारल्यावाचून निर्णय होत नाही. क्रम कोणताही घ्या, अशी वेळ येऊ शकते. पेलेग व वूल यांनी या विचारणांच्या संख्येचा पद्धतशीर अभ्यास केला आणि फार थोड्या विचारणांत निकाल देणाऱ्या रचनाही असतात, हे दाखविले.

गप्प राहणे म्हणजे बंद असणे नव्हे, ही खरी अडचण. मंद संगणकास मृत समजल्याने माहिती बिघडत नाही, कारण सामाईक घटकाची अट कायम असते. ग्राहकास केवळ ताटकळावे लागते. शिवाय वरील सर्व आकडे स्वतंत्र बिघाडाच्या गृहीतकावर उभे आहेत. पाचही संगणक एकाच वीजजोडणीवर असतील, तर ०.००८६ हा आकडा कागदावरच राहतो.