वाटाण्याएवढं क्रीम

कोराडीची महालक्ष्मी जगदंबा दिवसातून तीन रूपं दाखवते, असं भाविक सांगतात. सकाळी कन्या, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढा. गावाचं जुनं नाव जाखापूर, तिथल्या झोलन राजाला सात मुलगे आणि तरी मुलीची ओढ, ही आख्यायिका नवरात्रात दर्शनाच्या रांगेत कुणाकडूनही ऐकायला मिळते. देवी संध्याकाळी प्रौढ होते आणि उजाडताच पुन्हा कन्या. माणसाच्या कातडीला ही सोय नाही. त्यातून राहणं कोराडीसारख्या ठिकाणी: एका अंगाला औष्णिक वीज केंद्राची धुरांडी, दुसऱ्या अंगाला तलाव आणि डोक्यावर विदर्भाचं ऊन. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

पण उन्हाची उष्णता आणि उन्हातले अतिनील किरण ही दोन वेगळी खाती आहेत. अंग भाजतं ते पहिल्यामुळे. कातडी अकाली म्हातारी होते ती मुख्यतः दुसऱ्यामुळे. म्हणून डिसेंबरात गच्चीवर बसून खाल्लेल्या संत्र्यांच्या वेळचं कोवळं ऊनसुद्धा खात्यात जमा होतच असतं. गोऱ्या कातडीवर हे वय आधी सुरकुत्यांत दिसतं. आपल्याकडे ते आधी रंगात दिसतं: गालांवर वांग, कपाळावर ठिपके, मुरूम जाऊनही महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग. सुरकुत्यांचा नंबर नंतर लागतो.

मग औषधाच्या दुकानात मागणी होते, ‘भाऊ, चेहरा साफ व्हायची ट्यूब द्या ना.’ इथून दोन वाटा फुटतात. एका ट्यूबमध्ये नुसतं ट्रेटिनॉइन असतं. दुसरीत ट्रेटिनॉइन असतंच, शिवाय रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड. दोन्ही चिठ्ठीवरच मिळायला हव्यात. पहिली लावली की पंधरा दिवसांत चेहरा लाल होतो, सालपटं निघतात, चरचरतं. कधी मुरूम आधी वाढतात. दुसरी लावली की आठ दिवसांत चेहरा उजळतो, काहीही झोंबत नाही. स्टेरॉइड ती जळजळ दाबून टाकतं. साहजिकच पहिली ट्यूब महिन्याभरात कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात जाते आणि दुसरी बहिणीला, वहिनीला, शेजारणीला सुचवली जाते. माझ्या मते या सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे. झोंबणारं औषध कामाचं निघतं आणि गुण्यागोविंदानं नांदणारं घर पोखरतं.

ट्रेटिनॉइन म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचं आम्लरूप. गाजर-पपई खाऊन जे मिळतं त्याच कुळातलं, पण काम थेट पेशीच्या केंद्रकात. तिथल्या ग्राही प्रथिनांना (रिसेप्टर) ते चिकटतं आणि काही जनुकांचं कामकाज बदलतं. मुरुमाची सुरुवात छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसण्यातून होते. हे बूच ते बसू देत नाही. त्यामुळे दिसणाऱ्या मुरुमापेक्षा अजून न दिसणाऱ्या मुरुमावर त्याचा रोख जास्त. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात ते याचमुळे. वय झालेल्या कातडीत ते कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना आवरतं आणि नव्या कोलॅजनला चालना देतं. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला होता. उन्हानं खराब झालेल्या कातडीच्या २९ जणांपैकी काहींनी दहा ते बारा महिने ट्रेटिनॉइन लावलं, काहींनी औषधाविना नुसतं क्रीम. पहिल्या गटात कोलॅजनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यात १४ टक्क्यांनी घटली.

‘फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते’ हा समज मात्र उलटा आहे. सालपटं निघतात ती वरच्या मृत थराची. त्याखालचा जिवंत थर सुरुवातीच्या महिन्यांत जाडच होतो. पातळ होते ती स्टेरॉइडनं. बदनामी एकाची, करणी दुसऱ्याची. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात २०४ जणांपैकी काहींनी ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन चेहऱ्याला लावलं, काहींनी औषधाविना नुसतं क्रीम. ट्रेटिनॉइनच्या गटात सुधारणा टिकली आणि पेशींमध्ये काही वावगं आढळलं नाही. अमेरिकेतल्या १,१३१ माजी सैनिकांवर त्वचेचा कर्करोग रोखता येतो का, याची चाचणी झाली होती. ती मुदतीआधी थांबवावी लागली, कारण ट्रेटिनॉइनच्या गटात मृत्यू जास्त दिसले. पण २००९ मध्ये निष्कर्ष मांडताना खुद्द संशोधकांनी ते मृत्यू क्रीमच्या माथी मारले नाहीत. कातडीतून इतकं कमी औषध शरीरात जातं की कार्यकारण जुळत नाही.

या औषधाचा जन्म तितका स्वच्छ नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ मध्ये सहकाऱ्यांसह मुरुमांवरचे निष्कर्ष छापले, १९७१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. वयस्क बायका मुरुमांसाठी ते लावत आणि कातडी नितळ झाल्याचं सांगत. त्यातून दुसरा उपयोग हाती लागला. १९८८ च्या मिशिगन विद्यापीठातल्या चाचणीनं त्याला पाठबळ दिलं आणि १९९५ मध्ये बारीक सुरकुत्यांसाठी वेगळं क्रीम मंजूर झालं. पण क्लिगमन यांची बरीच वर्षं फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर प्रयोग करण्यात गेली होती. हे कैदी बहुतांश कृष्णवर्णीय. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहरानं त्याबद्दल जाहीर माफी मागितली. काळ्या पाठींवर तपासलेलं औषध गोऱ्या गालांच्या सुरकुत्यांसाठी विकलं गेलं, आणि सावळ्या कातडीसाठी ते कसं वापरायचं हे आपण अजून दुकानदाराला विचारतो.

तिहेरी क्रीमचं मूळही क्लिगमन यांच्याकडेच जातं. १९७५ साली त्यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचं मिश्रण सुचवलं. असलं मिश्रण वांगासाठी, काही आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं. आपल्याकडे त्याची भावंडं वर्षानुवर्षं रोजचं क्रीम म्हणून लावली जातात. २०११ मध्ये भारतीय त्वचातज्ज्ञांनी देशभरातल्या केंद्रांचा अभ्यास मांडला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत होते आणि त्यातल्या ३९२ जणांना त्याचे दुष्परिणाम झालेले होते: मुरूम, सतत लाली, गालांवर उमटलेल्या रक्तवाहिन्या, बायकांना दाढीसारखी लव. मार्च २०१८ मध्ये सरकारनं स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीच्या यादीत घातली. कागदावर प्रश्न मिटला.

ज्या क्रीमवर काहीच छापलेलं नसतं, त्याची कथा आणखी वेगळी. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना गोरेपणाच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत तपास गेला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

आता कोराडीत, कामठीत, नागपुरात राहून एकटं ट्रेटिनॉइन निभवायचं कसं? डॉक्टर बहुधा ०.०२५ टक्क्यांपासून सुरुवात करतात. रात्री तोंड धुऊन, पूर्ण कोरडं करून, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. पहिला महिना एक दिवसाआड, हिवाळ्यात हवा शुष्क झाली की आणखी विरळ, जोडीला साधं मॉइश्चरायझर. सावळ्या कातडीवर घाई केली तर जळजळीचाच काळा डाग पडतो, म्हणजे रोगापरीस औषध भारी. ते रात्रीच लावायचं, कारण उजेडात ट्रेटिनॉइन विघटित होतं. सकाळी सनस्क्रीन. आपल्या मुली गाडीवर दुपट्ट्यानं तोंड बांधतात तो उत्तम रिवाज, फक्त दुपट्टा विरळ विणीचा नको. ज्या चेहऱ्याला ट्यूब चालू आहे त्याला वॅक्स लावू नये. आणि दिवाळीच्या पहाटे संत्र्याच्या सालीचं खरखरीत उटणं अंगाला खुशाल चोळा, पण चेहरा वगळून.

दिवस राहण्याचा विचार असेल तर हे औषध थांबवायचं. त्याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गर्भाला निश्चित घातक आहेत, आणि क्रीमच्या बाबतीतही डॉक्टर जोखीम घेत नाहीत. लग्न ठरलं म्हणून दोन महिन्यांत चेहरा उजळायला निघालेल्या मुलींना हे सांगणारं दुकानात कुणी नसतं.

थांबवलं की केलेलं हळूहळू ओसरतं, हेही खरं. मुरुमांसाठी वर्ष-दोन वर्षं, वयासाठी त्याहून जास्त. एवढा धीर नसेल तर सुरू न केलेलं बरं. निव्वळ सनस्क्रीन आणि दुपट्टाही पुष्कळ काम करतात.

हा अंक बाजूला ठेवण्याआधी एक करा. घरातली चेहऱ्याची ट्यूब काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी नाव दिसलं, आणि ती महिनोन्‌महिने वापरात असेल, तर घाबरून एका रात्रीत बंद करू नका, चेहरा उसळून येतो. ट्यूब पिशवीत घाला आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे ती घेऊनच जा.