सात अक्षरांचा शब्द, सहावं अक्षर 'एन'

आधी एक छोटं काम करा. कागद घ्या, मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि शेवटी आय-एन-जी येतं असे सात अक्षरी इंग्रजी शब्द लिहा. वॉकिंग, रायटिंग, मॉर्निंग, नथिंग... पेन थांबत नाही. आता पुन्हा एक मिनिट. या वेळी अट एवढीच, की शब्द सात अक्षरी हवा आणि त्याचं सहावं अक्षर 'एन' हवं. बाकी काहीही चालेल.

बहुतेक जण दुसऱ्या मिनिटात अडकतात. पण गंमत बघा, पहिल्या यादीतला प्रत्येक शब्द दुसऱ्या यादीतही बसतो! आय-एन-जी शेवटी आलं की सहाव्या जागी 'एन' आलाच. शिवाय हजबंड, वीकेंड, पेमेंट, मशीन आणि चक्क स्टुडंट हे शब्द फक्त दुसऱ्या यादीत बसतात. म्हणजे दुसरा संच मोठाच असणार, त्यासाठी शब्दकोश उघडायचीही गरज नाही.

एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी 1983 च्या त्यांच्या गाजलेल्या पेपरमध्ये हेच दाखवलं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना 60 सेकंदांत आय-एन-जीचे सरासरी 6.4 शब्द आठवले, 'एन'चे फक्त 2.9. मग त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: कादंबरीच्या चार पानांत, म्हणजे साधारण 2,000 शब्दांत, असे शब्द किती सापडतील? आय-एन-जीसाठी अंदाजांचा मध्यक आला 13.4 आणि 'एन'साठी 4.7. उपसंच मूळ संचापेक्षा जवळजवळ तिप्पट मोठा!

इथे प्रयोगाच्या रचनेकडे नीट बघा, कारण मुलाखतीत यावर प्रश्न येऊ शकतो. अंदाजाचे दोन प्रश्न दोन वेगळ्या गटांना विचारले होते, एकात 52 जण, दुसऱ्यात 53. एकाही विद्यार्थ्याने "भाग हा पूर्णापेक्षा मोठा असतो" असं म्हटलेलं नाही. प्रत्येकाने एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं, विसंगती दिसते ती गटांची तुलना केल्यावर. दोन्ही प्रश्न एकाच माणसाला शेजारी-शेजारी दिले असते, तर कित्येकांच्या लक्षात आलं असतं. 'बिटवीन-सब्जेक्ट्स डिझाइन' कशासाठी, याचं इतकं सोपं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कारण काय, तर आपण मोजत नाही, आठवतो. जे पटकन आठवतं ते जास्त असणार असं धरून चालतो. यालाच 'अव्हेलेबिलिटी ह्युरिस्टिक' म्हणतात. आय-एन-जी हा मनाला शोधायला दिलेला तयार धागा आहे, 'सहावं अक्षर एन' हा नाही. आपल्या अंताक्षरीतही 'क' आला की गाणं 'क'ने सुरू होणारं शोधायचं. तिसरं अक्षर 'क' असलेलं गाणं शोधायला सांगितलं तर भलेभले गप्प बसतील.

याच जोडीचा 1973 चा प्रयोग जास्त प्रसिद्ध आहे: इंग्रजी मजकुरात 'के' हे अक्षर शब्दाच्या पहिल्या जागी जास्त येतं की तिसऱ्या? के, एल, एन, आर, व्ही अशी पाच अक्षरं होती. 152 पैकी 105 जणांनी बहुतेक अक्षरांसाठी पहिली जागा निवडली. खरं तर ही पाचही अक्षरं तिसऱ्या जागी जास्त येतात. मेक, टेक, लाइक, आस्क आठवून बघा.

हे 'खरं तर' कुठून आलं? मेझनर आणि ट्रेसेल्ट यांच्या 1965 च्या मोजणीतून. वर्तमानपत्रं, मासिकं, पुस्तकं यांत कुठूनही सुरुवात करायची, 3 ते 7 अक्षरी शब्द टिपत जायचं, 200 झाले की थांबायचं. असं 100 वेळा, म्हणजे एकूण 20,000 शब्द. तेही पंचकार्डांच्या काळात! पण ही मोजणी मजकुराची आहे, शब्दकोशाची नाही. मजकुरात 'लाइक' दहा वेळा आला तर दहा वेळा मोजला जातो, शब्दकोशात एकदाच. प्रश्नात 'मजकुरात' हा शब्द नसता तर उत्तरच बदलू शकलं असतं.

पाठ्यपुस्तकं बहुधा इथे थांबतात, पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सेडलमायर, हर्टविग आणि गिगरेंझर यांनी 1998 मध्ये विचारलं, की हीच पाच अक्षरं का? इंग्रजीतली निम्म्याहून अधिक व्यंजनं पहिल्या जागीच जास्त येतात. निवडलेली पाचही अपवादातली. मग "व्यंजन आहे, पहिलंच असेल" असा साधा, एरवी बरोबर ठरणारा अंदाज लावणाराही इथे चुकीचाच ठरतो. त्यांनी जास्त अक्षरं घेतली तेव्हा लोकांचे अंदाज खऱ्या प्रमाणाच्या मागे बऱ्यापैकी जाताना दिसले, फक्त दुर्मीळ गोष्टी थोड्या फुगवून आणि वारंवार येणाऱ्या थोड्या कमी करून. आय-एन-जीच्या निकालाला याने धक्का लागत नाही, कारण तिथे तर्क संचाचा आहे. 'के'च्या निकालाला मात्र लागतो. माझ्या मते ही टीका रास्त आहे.

तुमच्या प्रपोजलमध्ये "या विषयावर फारसं काम झालेलं नाही" असं वाक्य असेल, तर ते आठवून लिहिलंय की मोजून, हे आधी बघा. कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणते शब्द टाकून, कोणत्या तारखेला शोधलं आणि किती निकाल आले, हे सांगता आलं पाहिजे.

हा प्रयोग मराठीत करायचा असेल तर विषय छान आहे, पण अडचणी पहिल्याच दिवशी येतील. 'ळ' निवडलात तर प्रयोग तिथेच संपला, कारण 'ळ'ने आपल्याकडे शब्द सुरूच होत नाही. आणि लांबी कशी मोजणार? 'विद्यार्थी' आपल्या दृष्टीने तीन अक्षरी, पण युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरून संगणक त्याचे दहा घटक मोजतो. 'तिसरं अक्षर' म्हणजे नेमकं काय, हे ठरवण्यातच मेथडॉलॉजीचं एक पान जाईल.