कुणासाठी पळतेस गं?

"एवढं कोण मागं लागलंय गं तुझ्या?" कणीक मळता मळता सासूबाईंनी विचारलं. "बेचाळीस किलोमीटर पळायचं म्हणजे काय खायचं काम आहे?"

२०२४ चा जून महिना होता. डिसेंबरात पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये धावायचं मी ठरवलं होतं आणि ते सांगायला स्वयंपाकघराशिवाय दुसरी जागा सुचली नव्हती. मी नुसती हसले. खरं सांगायचं तर उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

आमचं दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. इथे निम्म्या घरांची सकाळ पुण्याच्या गाडीवर ठरते. त्यामुळे पहाटे कुणी भराभर चालताना दिसलं, की लोक समजतात याची गाडी चुकतेय. आणि पळताना दिसलं, तर नक्कीच चुकतेय! मी पहिल्यांदा पळायला लागले तेव्हा एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला होता. "स्टेशनच ना, ताई? बसा पटकन."

सुरुवात काही पळण्याने झाली नव्हती. कोरोनानंतर, २०२१ मध्ये, साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. त्याच वेळी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. बायकांचं ते १२ च्या वर असावं लागतं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी असतं, हे मी वाचलेलं होतं. त्यात आपण असू असं मात्र वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आधी लोहाच्या गोळ्या, मग काय ते चाला-पळा. जेवणाबरोबरचा चहा बंद करा, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. चहा सोडणं पळण्यापेक्षा अवघड गेलं, हे मी शपथेवर सांगेन.

रोज चालायला जायचे तिथे पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या मुली यायच्या. भरतीला मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. एक दिवस त्यांतली एक म्हणाली, "काकू, या ना आमच्यासंगं, एकच फेरी." एक फेरी मारली आणि छाती फुटायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का गेले, कोण जाणे. वर्षभराने मी न थांबता पाच किलोमीटर पळत होते, त्याच्या पुढच्या वर्षी दहा. त्या मुलींतल्या दोघी पुढे भरतीही झाल्या.

आता 'मॅरेथॉन' या शब्दाबद्दल थोडं. आपल्याकडे जत्रेतल्या तीन किलोमीटरच्या शर्यतीलाही मॅरेथॉनच म्हणतात. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. दौंड ते पुणे रेल्वेने साधारण ७५ किलोमीटर आहे. म्हणजे अर्ध्याहून जास्त वाट पायांनी, पळत! सासूबाईंचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

त्यांना माझं पळणं पटत नव्हतं, पण पळणारी बाई त्यांना माहीत होती. बारामती आमच्या शेजारचा तालुका. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथल्या लता भगवान करे यांचा फोटो पेपरात आला होता. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीजवळ येऊन राहिलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या. नवरा आजारी पडला, डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आणि हातात पैसे नव्हते. साठी ओलांडलेल्या लताबाईंनी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात नाव दिलं. अंगात नऊवारी, पाय अनवाणी. त्या पहिल्या आल्या, पाच हजारांचं बक्षीस मिळालं. पुढे २०२० मध्ये त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा सिनेमा निघाला. त्यात त्यांचं काम त्यांनी स्वतःच केलं आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची खास दखल घेतली गेली. 'तीन किलोमीटरला कुठं मॅरेथॉन म्हणतात,' असं एका शिकलेल्या माणसाने माझ्यासमोर म्हटलं होतं. त्याला म्हटलं, नऊवारी नेसून, अनवाणी, डांबरी रस्त्यावर तीनशे मीटर पळून दाखवा!

सासूबाईंना तो फोटो अजून आठवत होता. "ती नवऱ्यासाठी पळाली," त्या म्हणाल्या. "तू कुणासाठी पळतेस गं?"

हा प्रश्न मला महिनोन् महिने चावत राहिला. नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी पळणाऱ्या बाईला सगळं गाव टाळ्या देतं. द्यायलाच हव्यात. पण माझा नवरा ठणठणीत. मुलगी दहावीला, मुलगा सातवीला. घरात कुणाला माझ्या पळण्याची गरज नव्हती. मलाच होती. पहाटेच्या त्या तासाभरात मला कुणी हाक मारत नाही, एवढंच एक कारण होतं आणि ते मोठ्याने सांगायची लाज वाटायची.

एकदा मी त्यांना अमेरिकेतल्या बॉबी गिबची गोष्ट सांगितली. १९६६ साली तिने बोस्टनच्या मॅरेथॉनसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं की बायकांच्या शरीराला एवढं अंतर झेपत नाही. वडिलांना हे वेडच वाटलं. आईने मात्र तिला गाडीत घातलं आणि जिथून शर्यत सुटते तिथे नेऊन सोडलं. भावाची अर्धी चड्डी घालून ही झुडपात लपून बसली, शर्यत सुटल्यावर पुरुषांच्या गर्दीत शिरली आणि ३ तास २१ मिनिटांत पोचली. तरी बोस्टनने बायकांना रीतसर घ्यायला १९७२ उजाडलं आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आई होती म्हणून सोडून आली. सासू असती तर?"

पण त्यांनी अडवलं नाही. जुलैपासून मी आठवड्यातले चार दिवस धावायला लागले. रविवारी लांबची धाव, दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत. कुठल्याही आठवड्यात एकदम उडी घ्यायची नाही, हा यातला पहिला नियम. गुडघे-पोटऱ्यांची दुखणी बहुतेक घाईनेच ओढवतात. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्यायचे, कारण लांब पळताना पाय सुजतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. जिथे कपडा घासतो तिथे व्हॅसलिन. घामाने मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी ढोसायचं नाही, मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट घोट घ्यायचं. आणि पाळीच्या दिवसांत? अंग साथ देईल तेवढंच. मी पहिला दिवस सोडायचे, दुसऱ्या दिवशी हळू पळायचे. रस्त्याकडेला बाईसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हे मात्र घड्याळाआधी बघून ठेवायला लागतं. दौंडपासून शिरूरपर्यंत या बाबतीत सगळीकडे सारखीच बोंब आहे.

खरी अडचण सप्टेंबरात आली. त्या वर्षी आपल्याकडे चिकनगुनियाची साथ होती. सासूबाई तापाने आडव्या झाल्या. ताप उतरला तरी सांधे धरलेले. उठायला-बसायला आधार लागायचा. गल्लीत कुजबुज सुरू झाली, सासू अंथरुणाला आणि सून पळत सुटलीय. माझं पळणं आपसूक बंद पडलं.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती काही मला शोभणारी नव्हती. जुलै-ऑगस्टमध्ये मी पहाटे पळत होते तेव्हा डबे कोण भरत होतं? सासूबाई. पाणी कोण भरत होतं? दहावीतली मुलगी. नवरा आणि मुलगा काय करत होते? मला "भारी!" म्हणत होते. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे, घरच्यांचा खूप पाठिंबा आहे हो. तो पाठिंबा म्हणजे माझं काम उचलून दुसऱ्या दोन बायकांच्या अंगावर टाकलेलं होतं. घरचं काम संपलं नव्हतं, फक्त हात बदलले होते.

त्यावरून घरात भांडण झालं. हे म्हणाले, "अगं, मग या वर्षी राहू दे ना. पुढच्या वर्षी पळ." ते रागाने बोलले नव्हते, समजुतीनेच बोलले होते, म्हणून तर जास्त लागलं. मी म्हटलं, "अहो, तुमची ट्रेन या वर्षी राहू दे, असं मी कधी म्हटलं का?" दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच मुलाला हाक मारली. "माझे सांधे धरले म्हणून तिचे कशाला बसवतोस? तुला पोहे येत नाहीत का करता? चार मुलांना मी काय पोटातनं शिकून आले होते?" त्या दिवसापासून सकाळचे पोहे यांच्याकडे आले. पहिल्या आठवड्यात ते कधी चिखल, कधी खडे. मुलाकडे पाणी आणि झाडलोट. मुलीला मी स्वयंपाकघरातून उठवलं आणि पुस्तकाशी बसवलं. भाकरी मात्र अजूनही यांना जमत नाही. पोळ्यांना आम्ही बाई लावली, महिन्याचे तेवढे पैसे माझ्या शिवणकामातून गेले. फुकट काहीच झालं नाही, हे लिहायलाच हवं.

ऑक्टोबरात पुन्हा अंतर वाढवत नेलं. सगळ्यात लांबची धाव शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी करायची असते. हिशेब केला तर ती नेमकी ३ नोव्हेंबरच्या रविवारी येत होती, भाऊबीजेला! माझं माहेर शिरूर, जुन्या लोकांच्या तोंडी घोडनदी. आईला फोनवर सांगितलं, ओवाळायला येतेय पण आधी ३२ किलोमीटर पळणार आहे. फोनच्या पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

दादा मात्र लगेच म्हणाला, "एकटी नाही जायचं. ऊस उभा आहे अजून."

शिरूरकडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत बिबटे उसातच राहतात, उसातच वितात. कारखाने सुरू होऊन तोड लागेपर्यंत त्यांना हलायचं कारण नसतं. त्या पहाटे दादा मोटारसायकलवर मागे आणि मी पुढे, अशी आमची वरात न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. त्याच्या दिव्याच्या उजेडात माझीच सावली माझ्यापुढे पळत होती. पहिल्या गिअरमध्ये गाडी इतकी तापली, की दोनदा थांबवावी लागली. तेवढा वेळ मी त्याच्याभोवती गोल गोल पळत होते! उजाडल्यावर त्याने गाडी बाजूला लावली आणि शेवटचे दोन किलोमीटर चपला हातात घेऊन माझ्याबरोबर पळाला. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "ओवाळणी आता तुम्हीच त्यांना द्या."

(ते २०२४ होतं. २०२५ च्या दिवाळीच्या दिवसांत पिंपरखेड-जांबूतकडे बिबट्याने दोन लेकरांचा आणि एका म्हाताऱ्या बाईचा जीव घेतला. त्यानंतर मी शिरूरला गेले तरी अंधारात रस्त्यावर जात नाही, दिवा मागे असला तरीही. पळणं उजाडल्यावरही होतं.)

१ डिसेंबर. पुण्याची ही मॅरेथॉन १९८३ पासूनची. आदल्या रात्री आम्ही सगळे नणंदेकडे मुक्कामाला होतो. झोप लागलीच नाही. अंधारातच शर्यत सुटली. भोवती शेकडो माणसं, त्यात बायका कमी, आणि माझ्या वयाच्या तर फारच कमी. पहिले वीस किलोमीटर कसे गेले कळलं नाही. तिसाव्यानंतर मात्र जे ऐकलं होतं ते आलं. शरीरात साठवलेली साखर साधारण तिथेच संपते. पाय आपले राहत नाहीत. मेंदूसुद्धा आपला राहत नाही. मला रस्त्याकडेला बसून रडावंसं वाटत होतं आणि रडायला कारण सापडत नव्हतं.

चौतिसाव्या किलोमीटरच्या पुढे कुठेतरी फूटपाथवर प्लास्टिकच्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या दिसल्या. हातात शेंगदाणे-गुळाची डबी. ती खुर्ची मुलाने एका चहावाल्याकडून मागून आणली होती, हे नंतर कळलं. सांधे धरलेली बाई, पहाटेच्या थंडीत, स्वेटरवर शाल. मी थांबले. गुळाचा खडा तोंडात टाकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "थांबलीस कशाला? पळ की."

पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटं. जिंकणाऱ्या त्याच्या कितीतरी आधी आंघोळ करून घरी गेल्या असतील. पदक मुलाने लगेच स्वतःच्या गळ्यात घातलं. हे माझ्या बुटांची नाडी सोडत खाली बसले होते आणि मला वाकता येत नसल्यामुळे मी ते करू दिलं.

संध्याकाळच्या गाडीने दौंडला आलो. जिना उतरताना रेलिंग धरून, उलट्या पावलांनी उतरत होते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी सवयीने म्हटलं, "उद्या डब्याला काय करायचं?"

पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "झोप गप. उद्या पोहेच. परवापासनं बघू."