निवळ नको, शितं द्या

आमच्या निपाणीत विडीचा विषय निघाला की बोलणं तंबाखूवर जातं. पण नुसत्या तंबाखूची विडी होत नाही. तिला वर तेंदूचं पान लागतं, आणि ते येतं मध्य भारतातल्या जंगलांतून. लहानपणी शेजारच्या बायका मांडीवर सूप घेऊन पानं कापायला बसत, तेव्हा ही पानं जिथून येतात तो मुलूख आपण कधी बघू असं मनातही आलं नव्हतं. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे बैहरला राहायला गेली आणि तो योग आला.

बैहर हा मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातला तालुका. गोंदियाहून बालाघाट गाठायचं आणि तिथून घाट चढून वर जायचं. कान्हाच्या जंगलाचं मुक्की प्रवेशद्वार याच बाजूला. गोंड आणि बैगा आदिवासींची इथे मोठी वस्ती आहे. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि बालाघाट मध्य प्रदेशात. त्याआधी बालाघाटची राजधानी नागपूर होती. म्हणजे मराठीच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला ते. आपण जसं ‘जेवलात का?’ आणि ‘ऊट आतेन्री?’ समोरचा माणूस बघून विचारतो, तशाच तिथल्या बायका घरी एक बोली आणि दुकानात हिंदी बोलतात. ही गोष्ट पुढे माझ्या फार कामी आली, पण ती कळायला दोन वर्षं गेली.

मी तीस वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशभरातल्या अंगणवाड्या बंद झाल्या. जूनमध्ये भाचीचा फोन आला. “मावशी, आमच्या घरामागं मजुरी करणाऱ्यांची वस्ती आहे. घरोघर लहान पोरं आहेत. बायका मला विचारतात, बाळाला काय घालू? तू फोनवरून शिकवशील का?”

मला हुरूप आला. मी रंगीत तक्ते काढले. प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं, सगळं पद्धतशीर. शनिवारी दुपारी चारची वेळ ठरली. भाचीनं बारा नावं दिली होती. पहिल्या शनिवारी पडद्यावर पाच चेहरे दिसले, दुसऱ्या शनिवारी दोन. तिसऱ्या शनिवारी एकटी भाचीच होती. खरं सांगते, मला राग आला. फुकट शिकवतेय तरी यांना गरज नाही, असं मी घरात बोलून गेले. तो वर्ग तिथेच बंद पडला.

जानेवारी २०२२ मध्ये मी भाचीकडे महिनाभर राहायला गेले. चौथ्या दिवशी तिच्याबरोबर त्या वस्तीत गेले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. बारांपैकी आठ घरांत फोन होता, पण तो नवऱ्याचा. तो कामाला गेला की फोन त्याच्याबरोबर. दोघींकडे स्वतःचा फोन होता, पण त्यावर बोलणंच होई, चित्र दिसत नसे. बाकीच्या दोन घरांत फोनच नव्हता. शनिवारी दुपारी चारला रोजंदारीवरची बाई घरी असते का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

हे एका वस्तीपुरतं नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरण्यासाठी मोबाइल असलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात ५४ टक्के निघालं. मध्य प्रदेशात ते ३८.५ टक्के होतं. फोन घरात असणं वेगळं आणि तो बाळाला भरवणाऱ्या हातात असणं वेगळं.

त्या वस्तीत दहा महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन एक तरुण आई बसली होती. पोर शांत होती, दहा महिन्यांच्या मानानं जरा जास्तच शांत. अंगणवाडीच्या कार्डावर तिच्या वजनाचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात होता, लालच्या अगदी जवळ. मी विचारलं, “पहिल्या शनिवारी तू होतीस ना? मग नंतर का आली नाहीस?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, “मौसी, आपने जो बताया, वो सब तो दुकान का था.”

मला माझे तक्ते आठवले. सफरचंद, पनीर, खजूर, बदाम. बेळगावच्या बाजारात बसून मी बैहरच्या चुलीवर स्वयंपाक करायला निघाले होते.

“मग ही काय खाते?” मी विचारलं.

“पेज.”

हा शब्द ऐकून मी चमकले. आपल्या कोकण-गोव्याकडची पेज आणि ही पेज, शब्द तोच आणि पदार्थही जवळजवळ तोच. तिथे ती कोदो, कुटकी, मका नाहीतर तांदळाची करतात. कोदो म्हणजे आपला कोद्रा, कन्नडमधलं हारक. कुटकी म्हणजे आपली वरई, त्यांच्याकडची सामे. आपल्या सीमाभागातली नाचणीची आंबील, कन्नडमधली अंबली, ही त्याच घराण्यातली. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला असं पातळ पोटभर पेय बरं वाटतं. बाळाचं गणित मात्र वेगळं असतं.

त्या आईनं वाटी दाखवली. वर तरंगणारी निवळ तिनं बाळासाठी काढली होती. घट्ट भाग मोठ्यांना, पातळ बाळाला, कारण बाळाला दात नाहीत. हा विचार मी निपाणीतही कितीदा ऐकला आहे. वरणाच्या वरचं पाणी, भाताची पेज, डाळीचं कट. आपल्या आज्याही हेच सांगत. पण बाळाचं पोट लहान असतं. ते पाण्यानं भरलं की अन्नाला जागा उरत नाही. बाळ तृप्त दिसतं, झोपतं आणि वाढत मात्र नाही.

त्या दुपारी मी तक्ता काढला नाही. पेजेच्या भांड्यात पळी तळापर्यंत घातली, शितं वर काढली आणि वाटीत बोटांनी मऊ कुस्करली. त्यात घरात शिजलेली डाळ घातली आणि चमचाभर तेल. परसातल्या मुनग्याची, म्हणजे आपल्या शेवग्याची, कन्नडमधल्या नुग्गेची कोवळी पानं शिजवून बारीक केली. चमचा तिरपा केला तरी खाली ओघळणार नाही इतका घट्ट घास झाला. पोरीनं पहिला घास थुंकला, दुसराही थुंकला. तिसरा गिळला. तिच्या आईचा चेहरा मी विसरणार नाही.

सांगायचं होतं ते एवढंच होतं: निवळ नको, शितं द्या. सहा महिने फक्त आईचं दूध. सहा महिने पूर्ण झाले की दुधाबरोबर असं घट्ट, मऊ अन्न सुरू करायचं. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. रोज धान्याबरोबर डाळ, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडं. दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं. यातलं बरंचसं त्या वस्तीत होतं. कोंबड्या होत्या, मुनगा होता, पावसाळ्यात चरोटा, म्हणजे आपला टाकळा, उगवत होता. शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या लहरीबाई या बैगा स्त्रीनं भरड धान्याच्या दीडशेहून अधिक वाणांचं बियाणं जपलं, म्हणून २०२३ च्या भरडधान्य वर्षात त्यांचं देशभर कौतुक झालं. धान्याची परंपरा त्या मातीत आहेच. ते घट्ट करून बाळाच्या वाटीत पोचवणं राहिलं होतं.

परत येण्याआधी भाचीनं आणि मी वर्गाची घडी बदलली. वस्तीतल्या एका थोराड बाईला, सगळ्या जिला काकी म्हणतात तिला, पुढे केलं. मी सांगायचं, तिनं ते आपल्या बोलीत, आपल्या आवाजात फोनवर बोलायचं. दोन मिनिटांहून जास्त नाही. भाचीचा एकच फोन संध्याकाळी अंगणात ठेवायचा. आधी ऐकायचं, मग चुलीवर करून बघायचं. नवरे घरी असतात ती वेळ मुद्दाम धरली. बापालाही कळलं की पळी तळापर्यंत घालायची असते.

नुसता आवाज पाठवून काय होतं, याचा अनुभव सरकारच्या मोठ्या योजनेलाही आला आहे. ‘किलकारी’ नावाची फोनसेवा २०१६ पासून गरोदर स्त्रियांना आणि वर्षापर्यंतच्या बाळांच्या घरी दर आठवड्याला एक संदेश ऐकवते. मध्य प्रदेशातल्याच चार जिल्ह्यांत पाच हजारांवर स्त्रियांना घेऊन तिची तपासणी झाली. कुटुंबनियोजनाची साधनं वापरण्यात थोडी वाढ दिसली, पण फक्त आईचं दूध देण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. उलट ओडिशात केंदुझर जिल्ह्यात गावातल्याच बायकांचे छोटे चित्रपट करून ते बचत गटांत दाखवले आणि त्यावर चर्चा घडवली. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले. दोन प्रकारच्या गटांत बाळांच्या ताटातली विविधता वाढली. मुलांचा रोडपणा मात्र कमी झाला नाही. म्हणजे समज आल्यानं घास बदलतो, पण वजनाला रेशन, स्वच्छ पाणी, मजुरी आणि दवाखानाही लागतो. शिकवणाऱ्यानं हे विसरू नये. घरी पोटभर धान्यच नसेल तर दोष आईच्या अज्ञानाचा नसतो.

चांगली सामग्री मात्र हाताशी आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली बाळाला दूध कसं पाजावं, सहा महिन्यांनंतर काय द्यावं यावर चित्रफिती केल्या आहेत. त्या फुकट आहेत, मराठीत आहेत आणि कन्नडमध्येही. एकदा उतरवून घेतल्या की नेटवर्क नसतानाही दाखवता येतात.

हे मी मुद्दाम आपल्या घरांसाठी लिहिते आहे. आपल्याकडे सून कन्नड शाळेत शिकलेली, सासू मराठीतच विचार करणारी, अंगणवाडीचं पुस्तक कन्नडमध्ये. सून फोनवर कन्नडमध्ये बघते आणि सासूला वाटतं, हे काहीतरी नवीन खूळ. एक दिवस तीच चित्रफीत दोघींनी मिळून बघा, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. घरी काम करायला येणाऱ्या बाईचं बाळ लहान असेल तर तिलाही शेजारी बसवा आणि तिची वेळ विचारा. आणि वजन वाढत नसेल, पायांवर सूज दिसत असेल, तर फोन बाजूला ठेवून बाळाला आधी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात न्या.

त्या दहा महिन्यांच्या मुलीचं काय झालं? मार्चमध्ये भाचीनं कार्डाचा फोटो पाठवला. ठिपका अजून पिवळ्याच पट्ट्यात होता, पण लालपासून दूर सरकला होता. पुढचे दोन ठिपके आणखी वर होते. पावसाळ्यात पोरीला जुलाब झाले आणि रेघ पुन्हा खाली आली, मग सावकाश सावरली. आता ती शाळेच्या वयाची झाली आहे. मागच्या दिवाळीत भाचीनं फोन तिच्या हातात दिला. मी विचारलं, “काय खाल्लंस?” ती ओरडून म्हणाली, “पेज! गाढ़ी वाली!”

मागून काकीचं हसणं ऐकू आलं.