महिला मंडळाची इमारत नक्की कोणत्या साली बांधली?

स्थानिक इतिहासावर काम करायचं ठरवलं की बरेच जण एखादी जुनी इमारत निवडतात. वाडा, वाचनालय, तालीम. महिला मंडळाची इमारत फारशी कुणी घेत नाही. घेतलीच, तर पहिला प्रश्न येतो सालाचा, आणि तो दिसतो तितका सरळ नाही. बायका पहिल्यांदा जमल्या ते साल, जागा मिळाली ते, बांधकाम पूर्ण झालं ते, आणि सरकारी नोंदणी झाली ते, ही चार वेगळी सालं असतात. कोनशिलेवर त्यातलं एकच कोरलेलं असतं.

रमाबाई रानडे यांचं उदाहरण घेऊ. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला. त्याच्या सभा आधी घरांतच भरत. रमाबाई रानडे तिथे जायच्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते पसंत नव्हतं. पुढे मुंबईला गेल्यावर १८९४ साली त्यांनी 'हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब' सुरू केला. त्यात शिवणकामापासून सभेत बोलण्यापर्यंतचे वर्ग चालत. पुण्याचं सेवासदन १९०९ साली सुरू झालं तेही रानड्यांच्या वाड्यातच. म्हणजे घरातल्या सभेपासून सेवासदनापर्यंत सत्तावीस वर्षं गेली, आणि तेव्हाही छप्पर घरचंच होतं. आज लक्ष्मी रस्त्यावरची सेवासदनची इमारत बघून कुणी फक्त बांधकामाचं साल लिहिलं, तर ते साल चुकीचं नसेल. पण ही सत्तावीस वर्षं त्यात कुठेच दिसणार नाहीत.

कोल्हापुरात आणखी एक गुंता आहे. करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला आणि संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागली. त्यामुळे या भागातल्या एखाद्या मंडळाच्या कागदावर पन्नासच्या दशकातलं साल दिसलं, तर लगेच 'स्थापना' म्हणून लिहू नका. ते कायद्यानं पाडून दिलेलं साल असू शकतं. आपल्या भाषेत सांगायचं तर तो नमुन्याचा गुण नाही, मोजणाऱ्या उपकरणाचा आहे. मंडळ त्या सालाच्या आधीपासून होतं, एवढंच कदाचित त्यावरून म्हणता येईल. त्या कार्यालयातून 'शेड्यूल वन'चा उतारा मात्र जरूर मागा. विश्वस्तांची नावं आणि मिळकतीची नोंद त्यात सापडते.

विलीनीकरणाच्या आधीचं शोधायचं तर संस्थानी दप्तराकडे जावं लागतं, म्हणजे कोल्हापूरचं पुराभिलेखागार आणि 'करवीर सरकारचे गॅझेट'. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा आदेश याच गॅझेटात आला होता. बरंचसं जुनं दप्तर मोडीत आहे. शिकायला घ्या, भाषाशास्त्राची पदवी लागत नाही, सराव लागतो.

नगर भूमापन कार्यालयातलं प्रॉपर्टी कार्ड हा पुढचा कागद. धारकाच्या रकान्यात मंडळाचंच नाव असेल असं धरून चालू नका. जागा देणाऱ्याचं किंवा त्याच्या वारसांचं नाव तसंच राहिलेलं असू शकतं. हे नुसतं अभ्यासापुरतं नाही. जुन्या पेठांतल्या जागेवर अपार्टमेंट उभं करायची वेळ आली की हाच रकाना बघितला जातो, आणि 'आम्ही इथे साठ वर्षं जमतोय' हे सांगायला मंडळाकडे कागद नसतो.

नावांचंही तेच. रमाबाई रानडे मूळच्या कुर्लेकरांच्या यमुना, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. सूचीत एकच नाव शोधलंत तर निम्मी बाई हरवते.

विज्ञान शाखेतून आलेले विद्यार्थी इथे हमखास विचारतात, की चुन्याचं कार्बन डेटिंग करता येईल का? तत्त्व बरोबर आहे. चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, म्हणजे बांधकामाच्या वेळचा कार्बन त्यात अडकतो. पण कार्बन-१४ चं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं. शंभर वर्षांत तो जेमतेम सव्वा टक्का कमी होतो. त्यात साधारण १६५० ते १९५० या काळातला अंशांकन आलेख इतका वरखाली आहे, की एकाच मोजमापाला तीन-चार वेगवेगळी दशकं जुळतात. नीट न भाजलेल्या चुनखडीचा जुना कार्बन मिसळला असेल तर आणखी घोळ. महागडी चाचणी, आणि उत्तर काय? 'गेल्या तीनशे वर्षांतलं.'

त्यापेक्षा कौल उलटं करून बघा. मंगळुरी कौलांवर कारखान्याचा छाप असतो. बासेल मिशनने मंगळूरला असा कारखाना १८६५ साली काढला, त्यामुळे असं कौल त्याआधीचं नाही एवढं पक्कं. पण कौलं बदलली जातात, दुसऱ्या पडलेल्या घराची आणून बसवलीही जातात. कौल फक्त कौलाचं वय सांगतं.

माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा पुरावा म्हणजे मंडळाची इतिवृत्ताची वही. ती बहुतेक वेळा कार्यालयात नसते, जुन्या चिटणीसबाईंच्या कपाटात असते. घाई करू नका, दोन-तीनदा जा, पानांचे फोटो परवानगीनेच काढा. ठरावांच्या आधी प्रत्येक सभेची 'स्थळ' ही ओळ वाचत जा. 'अमुक बाईंच्या घरी' असं पानांमागून पानं येत राहतं. मग एका तारखेला तिथे 'मंडळाची जागा' असं लिहिलेलं सापडतं. ती तारीख टिपून ठेवाच, आणि त्याआधी ज्यांच्या घरी सभा झाल्या त्या सगळ्यांची नावंही पत्त्यासकट उतरवून घ्या.