सणाचे जेवण आणि रोजची जाहिरात

माघातल्या रविवारी पहाटे पंचगंगेवर स्नान करून, वडणगे, निगवे, कुशिरे ही गावे मागे टाकीत, गायमुखाची चढण चढून वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या दर्शनास पायी जाण्याची जी प्रथा कोल्हापूरकरांनी ‘खेटे’ या नावाने आजवर सांभाळली आहे, तिच्यात भक्तीच्या जोडीस शरीरश्रमाचा आणि संयमाचा भाग मोठा आहे. कोणी अनवाणी चालतो, कोणी दर्शन होईपर्यंत तोंडात पाण्याखेरीज काही घालीत नाही; आणि मग ज्वारीची भाकरी, झुणका आणि मिरचीचा खर्डा समोर येतो तेव्हा त्या अन्नाला जी गोडी असते, ती चालून कमावलेल्या भुकेची असते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, गायमुखावर सहजसेवा ट्रस्टचे अन्नछत्र येणाऱ्या-जाणाऱ्यास पोटभर जेवू घालते आणि घरोघर पुरणपोळीचा नैवेद्य होतो. गोडधोड, तळण, तूप यांचे आपल्या पूर्वजांस वावडे मुळीच नव्हते. मात्र त्या पदार्थांना तिथी होती, आणि ती तिथी उलटली की घर पुन्हा भाकरी-आमटीवर येत असे.

झटपट खाद्यांच्या जाहिरातीने काय साधले असेल, तर ही तिथी पुसून टाकली. परीक्षा संपली म्हणून पिझ्झा, पाऊस पडला म्हणून नूडल्स, क्रिकेटचा सामना आहे म्हणून शीतपेय आणि वेफर, आणि यांपैकी काहीच नसेल तर दोन जेवणांच्या मधली म्हणून एक नवी ‘छोटी भूक’, अशा रीतीने वर्षाचा प्रत्येक दिवस हा सणाचाच दिवस आहे असे मनावर ठसविण्याचे काम ती अखंड करीत असते. कोणत्याही देवस्थानच्या वाटेवर पाहा: दुकानाच्या पाटीवर मालकाचे नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत आणि पेयाचे चित्र हातभर मोठे, कारण पाटी रंगवून देण्याचा खर्च पेयवाल्याने सोसलेला असतो. दारात दोरीला लावलेल्या वेफरच्या रंगीत माळा नेमक्या लहान मुलाच्या हाताला लागतील इतक्या उंचीवर लोंबत असतात. त्या मुलाला अजून वाचता येत नसते, परंतु पाकिटाचा रंग ओळखता येतो.

या व्यवसायाच्या बाजूने नेहमी असा युक्तिवाद होतो, की आम्ही कोणावर सक्ती करीत नाही, खाणारा आपल्या मर्जीने खातो, सबब परिणामांची जबाबदारीही त्याचीच. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. न्यूयॉर्क येथे काही किशोरवयीन मुलांच्या वतीने मॅकडोनाल्ड्सविरुद्ध लठ्ठपणाबद्दल फिर्याद गुदरण्यात आली, तेव्हा न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी २००३ साली, अतिरेकी खाणे अपायकारक आहे हे ज्यास ठाऊक आहे वा असावयास हवे त्याचे त्याच्याच अतिरेकापासून रक्षण करणे हे कायद्याचे काम नव्हे, अशा आशयाचे कारण देऊन ती फेटाळली. पुढे २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्या दाव्याचा फसव्या जाहिरातींविषयीचा भाग पुन्हा जिवंत केला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. प्रौढ माणसाने आपल्या ताटाची जबाबदारी स्वतः घेतली पाहिजे, याविषयी मला शंका नाही. कोल्हापूरला तर हे शिकविण्यास बाहेरून कोणी यावयास नको. येथल्या तालमीत दूध, बदाम, थंडाई यांचा खुराक आणि जोर-बैठकांची मेहनत हे दोन्ही एकाच हिशेबात धरले जात आले आहेत, आणि मेहनत सोडून खुराक चालू ठेवणाऱ्याचे अंग कसे सुटते हे कोणताही जाणता वस्ताद सांगेल. आज आपल्यांतल्या बहुतेकांनी मेहनत सोडली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख इतकी अंदाजिली होती.

परंतु जबाबदारी घ्यावयाची तर माहिती हवी, आणि माहिती समजण्याचे वय हवे. शीतपेयाची ३०० मिलिलिटरची एक बाटली हातात घेऊन पाठीमागचा मजकूर वाचावा. दर १०० मिलिलिटरमागे साखर सुमारे १० ते ११ ग्रॅम, हा आकडा राईएवढ्या अक्षरांत दिलेला असतो. तीनदा बेरीज ग्राहकाने स्वतः करावयाची, तेव्हा त्यास कळते की आपण तीस ग्रॅमहून अधिक साखर पीत आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर प्रौढाने दिवसाकाठी पन्नास ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर पंचवीसच्या आसपास ठेवावी. वेफरच्या शंभर ग्रॅमांत स्निग्धांश तिसऱ्या हिश्श्याइतका असतो, परंतु दर्शनी बाजूस दिसतो तो ताजा बटाटा आणि हसरा चेहरा. जाहिरातीस समोरची बाजू आणि सत्यास पाठची बाजू, अशी वाटणी करून मग ‘तुम्ही वाचून का घेतले नाही’ असे विचारणे न्यायाचे नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर व्यक्तिगत जबाबदारी हा शब्दच गैरलागू आहे. कायद्याने ज्यास साधा करार करता येत नाही, त्याला लक्ष्य करून प्रौढ, तरबेज माणसे लाखो रुपये खर्चून आर्जवे करतात, तेव्हा ही बरोबरीची लढत राहत नाही.

सरकारला हे उमगलेले नाही असेही नाही. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ८ मे २०१७ च्या शासन निर्णयाने शाळांच्या उपाहारगृहांत वेफर, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर इत्यादींच्या विक्रीस मनाई केली. दिल्लीतल्या उदय फाउंडेशनने २०१० साली उच्च न्यायालयात केलेल्या अर्जावरून जो प्रश्न देशभर उभा राहिला, त्याची परिणती अखेर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत झाली: चरबी, मीठ वा साखर अधिक असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात व दारापासून कोणत्याही दिशेस ५० मीटरच्या हद्दीत करता येणार नाही. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर अशा जाहिरातींस बंदी घातली. म्हणजे कायद्याची उणीव नाही. पन्नास मीटर मोजणाऱ्या माणसाची आहे. शिवाय मुले आता दूरदर्शन संचापेक्षा मोबाइल अधिक पाहतात, आणि तेथे आवडता खेळाडू किंवा गमत्या तरुण खाता-खाता जे सांगतो ते मुलांना जाहिरात वाटतही नाही.

घरातल्या मोठ्यांविषयीही बोलले पाहिजे. शेतावरून, कारखान्यावरून थकून येणारी आई मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवते, आजोबा यात्रेहून परतताना नातवास पाकीट आणतात. त्यामागे माया असते, आळस नव्हे. शेंगदाणे-गुळाचा लाडू, भाजलेले हरभरे, मक्याचे कणीस यांत ती माया पूर्वी मावत असे, आणि कोल्हापूरच्या गुळास आजही कोठे तोटा आलेला नाही. गूळही साखरच, तेव्हा त्याचेही प्रमाण हवेच. पण लाडू एक मिळतो आणि पाकिटांची माळ दारात टांगलेली असते, एवढा फरक लक्षात घ्यावा.

चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी यांचे आधिक्य असलेल्या पाकिटांच्या दर्शनी बाजूस काळा अष्टकोनी इशारा छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे असा इशारा असावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीस तीन महिन्यांची मुदत दिली, ती पुढे वाढवून घेण्यात आली. त्या अष्टकोनाची वाट पाहत बसण्याचे कारण पन्हाळा तालुक्यातल्याच काय, कोणत्याही गावाला नाही. शाळा व्यवस्थापन समितीने फाटकापासून टेप धरावा, हद्दीत येणाऱ्या दुकानदारास २०२० चा नियम वाचून दाखवावा, रंगविलेल्या पाटीचा खर्च पेयवाल्याऐवजी ग्रामपंचायतीने उचलावा आणि त्या पाटीवर दुकानदाराचे स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे.